हात लावल्याची नोंद

सकाळी सव्वाअकराला मांगीलालजींचा फोन.
"मॅडम, तुमचा बोर्ड झोपलाय का?"
चोइथराम मंडीत लसूण नऊ हजारांवरून
सात हजार चारशेवर उतरला होता,
आणि आमचं ॲप अजून नऊच सांगत होतं,
ठामपणे, हजार जणांना,
सेकंदाच्या शंभराव्या भागात.
मंदसौरहून निघालेला एक ट्रक
त्या नऊच्या भरवशावर सांवेरच्या पुढे आला होता.

फिरोज म्हणाला, कॅश दर पाच मिनिटांनी उडवू.
पाच मिनिटं कुणाची, मी म्हटलं.
लिलाव रंगात आला की पाच मिनिटांत तीन ढीग जातात,
आणि जेवणाच्या सुट्टीत दोन तास
एक कुडीसुद्धा हलत नाही,
तरी डेटाबेसला उठवायचं:
काही नवीन? नाही.
काही नवीन? नाही.
आजाऱ्याला असं विचारत राहिलं
तर तो त्यानंच दगावेल.

मग सगळ्या ओळींची बेरीज ताडून पाहिली.
चौदा लाख ओळी.
ती बेरीज होईतो
भाव आणखी दोनदा पडला.

रात्री फिरोजनं सराफ्यातून खोपरापॅटिस आणले,
आणि तेलकट बोटांनीच आम्ही एक छोटं टेबल केलं,
दोन रकान्यांचं: नाव आणि आकडा.
भावांच्या टेबलाला कुणी हात लावला,
ओळ घातली, बदलली, काढली,
की ट्रिगर उठतो, आकडा एकानं वाढवतो.
काय बदललं ते तो सांगत नाही.
एवढंच सांगतो, की तुला जे पाठ आहे
ते आता खरं असेलच असं नाही.
कॅशनं तोंड उघडण्याआधी तो आकडा बघायचा.
तोच असेल तर बोल.
नसेल तर जाऊन विचारून ये.

मागच्या महिन्यात पुण्याहून ऋजुता आली होती.
बस गं, म्हटलं, जरा भाजी सुधारते.
ती हसता हसता खुर्चीवरून पडायची बाकी.
"का? बिघडली होती का?"

तिकडे टेबल बदलत गेलं, दोनशे वर्षं.
शब्द आले, शब्द पुसले गेले,
इथे रामबागेत कुणी आकडा धाडला नाही.
आम्ही पाठ असलेलं उत्तर देत राहिलो,
माळव्याच्या ओलीनं त्याला कोंब फुटले ते वेगळंच.
ऋजुताला मी तेव्हा बोलले नाही,
पण सगळं जुनं चुकत नसतं.
लसणाचा भाव जुना झाला की ट्रक फसतो.
भाजी सुधारली काय, चिरली काय,
फोडणीला कळत नाही.

आणि परवा रात्री कुणीतरी
भावांचं टेबलच एका आज्ञेत रिकामं केलं.
ट्रंकेट.
आकडा हलला नाही.
मॅन्युअलात होतं, मीच वाचलं नव्हतं:
एकेक ओळ पुसली तर ट्रिगर उठतो,
सगळं एकदम पुसलं तर उठत नाही.
पहाटे सहापर्यंत आमचा बोर्ड
नसलेल्या टेबलातले भाव सांगत होता,
एकदाही न अडखळता.

मी आकडा हातानं वाढवला.
एक्केचाळीस हजार एकशे सत्त्याऐंशीचे अठ्ठ्याऐंशी.
मग आईला फोन लावला, उगाच.
काय करून राहिलीस?
"भाजी सुधारतेय. एवढ्या पहाटे? काही झालं का?"
नाही. तुझ्याकडे काही नवीन?
"नाही गं. लसूण काय भाव आहे सध्या?"

तोंडावर आलं होतं.
थांब, म्हटलं,
बघून सांगते.