बेचिराख मौजे

तहसीलच्या जुन्या रजिस्टरात
मौजे उंबरग्यापुढे एकच शब्द आहे : बेचिराख.
लोकांना वाटतं, गाव जळून राख झालं असेल.
तसं नाही. चिराग नाही ते बेचिराख.
जिथं सांजेला दिवा लागत नाही, ते.
आणि मी इथला तलाठी,
एकसष्ट घरांचा, एका गिरणीचा,
मोबाइल रिचार्जच्या दोन दुकानांचा.

बार्शीची ती अरुंद रुळांची गाडी
या चढाला येईतो धापा टाकायची.
माळावर पडकी विहीर होती, पाणी जिवंत.
रेल्वेनं वर टाकी बांधली,
टाकीखाली पंप, पंपाला माणूस :
दस्तगीर, पगार साडेसात, कंदील सरकारी.
सुरुवात म्हणायची तर एवढीच.
इंजिनाला तहान लागली.

टाकी भरायला वीस मिनिटं.
वीस मिनिटांत माणसाला भूक लागते
हे नीलव्वाला आधी कळलं.
कडक भाकरी, शेंगाची चटणी, फडक्यात कांदा.
गार्डाला उधार, फायरमनला फुकट.
फुकट का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही.
एके संध्याकाळी परत दोन कोस चालायचा कंटाळा आला
आणि तिनं चूल तिथंच मांडली.

लिंबाजी येडशीहून निघाला होता
सोलापूरच्या गिरणीत बदली कामगार म्हणून.
पाणी प्यायला उतरला, ओंजळ तोंडाशी, गाडी सुटली.
दस्तगीर म्हणाला, आता उद्या.
नीलव्वा म्हणाली, बस, जेव.
त्याच्या पणतवाचं आता वेल्डिंगचं दुकान आहे.
उद्याची गाडी अजून यायची आहे.

नाव? कुणी ठेवलंच नाही.
टाकीवर जातो, टाकीवरचे पाहुणे, टाकीची सून.
एसटीचा फाटा झाला तेव्हा बांधकाम खात्याच्या पेंटरनं
आपल्या मनानं चूक दुरुस्त केली
आणि एक ळ घातला.
तालुक्यात चार टाकळ्या होत्या. ही पाचवी.
पत्रं अजून चौथीला जातात.

मग रूळ उचलले.
काही सरकारनं नेले,
काही पत्र्याच्या छपरांखाली आडवे आहेत.
उन्हाळ्यात तापले की रात्री कटकट वाजतात.
म्हातारी माणसं कुशीवर वळत म्हणतात, लेट आहे आज.

परवा अंगणवाडीचा पाया खणताना
कमरेइतक्या खोलीवर जात्याची तळी निघाली,
मग भिंतीचा एक तुकडा,
तुकड्यात दिवळी,
दिवळीला काजळी.
बोट फिरवलं तर बोटाला आली.
कुणीतरी इथं वात सारत होतं
दस्तगीरच्या कंदिलाआधी किती शतकं, कुणास ठाऊक.
पटकी आली, पाणी आटलं, की लेकीच्या गावी गेले सगळे?
दफ्तरात काही नाही. दफ्तराला उजेडाचंच कळतं,
तेही उशिरा.

आज नीलव्वाची खापरपणती आली,
रहिवासी दाखला पाहिजे, नर्सिंगचा अर्ज आहे.
मूळ गाव, असा रकाना.
मी विचारलं, काय लिहू?
ती म्हणाली, लिहा की. पाणी भरायला थांबलो होतो.

एवढ्यात लाइट गेली.
तिनं मोबाइलचा टॉर्च कागदावर धरला.
मी टाकळी लिहिलं,
ळ जरा फिकट.