नव किलो

मुलाने टाकून दिलेला फोन. काच कोपऱ्यातून तडकलेली,
मेमरी तुटपुंजी, पाठ अशी तापते की फडक्याने धरावी.
त्यात मी पंचाण्णव सालची विंडोज चढवली आहे.
सुरू व्हायला अकरा मिनिटं घेते.
तेवढ्यात पेजेला कढ येतो.

मुलगा हसला. मग त्याच्या लॅपटॉपवर
मी त्याला माझी जुनी मोटारगाडीची गेम लावून दिली:
बटण दाबायच्या आत गाडी दरीत.
पुन्हा दरीत.
फोनवर मात्र मी वेग उतरवत नेला,
बंदरात शिरताना तांडेल इंजिन उतरवतो तसा,
आणि एका आकड्यावर गाडी रस्त्याने चालू लागली.

वेंगुर्ल्यात काजू फॅक्टरीच्या माडीवर
रेडकर सरांचा क्लास होता. चार कॉम्प्युटर, एक पंखा,
पंखा कॉम्प्युटरांसाठी.
खालून भाजणीचा धूर. कीबोर्ड चिकट.
एका मशीनची बॅटरी मेलेली, ते रोज सकाळी
एक जानेवारी एकोणीसशे ऐंशीला जागं व्हायचं,
आणि जो आधी येईल त्याने त्याला आजची तारीख सांगायची.
आधी मीच यायचे.
फ्लॉप्या तांदळाच्या डब्यात. तरी बुरशी धरायचीच.

खालच्या बायकांचं रोजचं वजन मी भरायचे,
सरांनी लिहिलेल्या प्रोग्रामात. महिना सव्वाशे रुपये.
नाव, तारीख, किलो.
शेजारच्या खिडकीत सुरुंगांचा खेळ उघडा.
ओहोटीला तिसऱ्या शोधताना पाय वाळूला विचारतो,
हय काय, हय काय,
तसं माझं बोट.

परवा सत्यभामा मेस्त्री आली.
पीएफवाले पुरावा मागतात.
फॅक्टरीच्या जागी लॉज झालंय, मालक गेले,
आणि बँकेच्या मशीनला तिचे ठसेच सापडत नाहीत,
काजूच्या चिकाने बोटं कधीच पुसून टाकली.
कुडाळहून ड्राइव्ह मागवला. चौदा फ्लॉप्यांतल्या तीन वाचल्या.
अकरा वर्षांतली तीन.

फोन स्टुलावर टेकवून दोघी बसलो.
मेस्त्री सत्यभामा सोमा.
आठ. साडेआठ. सात. आठ.
किलोंकडे तिचं लक्षच नव्हतं.
ती शून्यांवर बोट ठेवत होती.
"ह्या चेडवाच्या बारशाचा.
ह्या पाय भाजलो तेवाचा."
अकरा फेब्रुवारी अठ्ठ्याण्णववर बोट थांबलं.
"ह्या नाय.
त्या दिवशी मी इल्लंय. तुका दिसलंय नाय."

वजनाची चिठ्ठी खालून दोरीने वर यायची.
आली असणार.
मी मोठा डाव लावून बसले असणार, नव्याण्णव सुरुंगांचा.
तो सुटला की फुटला, तेही आता आठवत नाही.
तिची दिवसाची मजुरी गेली आणि ती काही बोलली नव्हती.
पंचवीस वर्षं रस्त्यात भेटते, काही बोलली नव्हती.

प्रोग्राम विचारतो: बदल करायचा? वाय किंवा एन.
पुराव्यात हात घालू नये, एवढं मला कळतं.
"किती होते?"
"नव किलो."
क्षणाचाही विचार न करता.

मी नऊ लिहिले. वाय दाबलं.
वाळूचं घड्याळ बराच वेळ उलटंपालटं झालं,
मग शून्य गेलं.

विंडोज बंद केली. काळ्यावर नारिंगी अक्षरं:
आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही.
तेव्हाची ती मशीनं स्वतःहून विझायची नाहीत,
सांगून थांबून राहायची, कुणी बटणाकडे हात नेईपर्यंत.
"काय म्हणता तो?"
मी सांगितलं.
"ऱ्हवांदे मगे जरा."
तिने फोन उचलला, पालथा केला,
आणि त्याच्या तापल्या पाठीवर
दहाही बोटं शेकत बसली.