किती जण?

आंबा घाट चढून एसटी वर आली तेव्हा
कानांत दडे बसले होते.
गिळा, सुटतील, म्हणाला कंडक्टर.
मी गिळलं.
गॅसचा नॉब, कुंड्यांचं पाणी,
जिन्यात शुभदानं विचारलेलं, "एकटीच?"
सगळं एका घोटात.
मलकापूर येईतो कान मोकळे.

दोन दिवस. एक पिशवी.
पतपेढीतल्या चौतीस वर्षांत
कुठल्याच खात्यावर न टाकलेला
हा पहिला खर्च.

टाऊन हॉलच्या बागेत सावल्या दाट,
आत काचेमागे एक देव उभा,
वीतभरही नसेल,
समुद्राचा, तोही परक्या मुलखातला.
ब्रह्मपुरीच्या मातीत सापडला म्हणे.
हात उगारलेला, हातातलं हत्यार हरवलेलं.
मी मिरकरवाड्याची,
खाऱ्या वाऱ्यानं खिडकीचे गज खाल्लेलं घर माझं.
वाकून हळूच विचारलं त्याला,
काय हो, तुमचं बंदर कुठलं?
इथून नदी जाते तीही उलट्या दिशेनं.

"जवळनं बघा की ताई, काच काय चावत न्हाई."
बिल्ल्यावर नाव, सर्जेराव इंगवले.
"सतरा वर्सं बघतोय ह्याला,
एकदा बी खाली बसला न्हाई."
आणि स्वतः स्टुलावर बसला,
डबा उघडून.

दुसऱ्या दालनात ती.
खाली एवढंच लिहिलेलं: बसलेली स्त्री, तैलरंग.
तिचं नाव कुणी विचारलं नसावं,
किंवा विचारलं असेल आणि चौकटीत मावलं नसेल.
तिचं लुगडं पांढरं
असं लांबून वाटलं होतं.
जवळ गेले तर गुडघ्यापाशी निळं,
पदराच्या घडीत पिवळसर,
मांडीवर जिथे हात टेकलाय तिथे चक्क जांभळं.
पांढरा असा त्यात कुठेच नव्हता.
पाय दुखेपर्यंत उभी राहिले.
ती बसलेलीच होती, तिला काय!

संध्याकाळी ते हॉटेल,
जिथे नॅपकिनचा कमळ करतात
आणि पाणी ओतताना एक हात पाठीमागे ठेवतात.
"किती जण?"
एक.
"एकच?"
हो. जेवण मात्र पूर्ण.
समोरची खुर्ची उचलू का, असंही विचारलं त्या पोरानं.
राहू दे म्हटलं, पिशवी बसेल.

मोठ्या थोरल्या ताटात मधोमध एक वाटी,
बाकी सगळी जागा मोकळी सोडलेली,
जशी भिंतीवर तिच्याभोवती होती.
पांढरा रस्सा.
घाई केली नाही. आधी पाहिला.
कडेला तुपाची सोनेरी रेघ,
खसखशीची राखाडी झाक,
मिऱ्याचा धूर कुठेतरी तळाशी.
मग चाखला.
नारळ आमच्याकडचा असावा,
बोलीवरून ओळखू आला.

आईला भरवलं, भावाच्या पोरांना भरवलं,
चमचा कायम दुसऱ्याच्या तोंडाकडे वळलेला.
आज तो सारखा माझ्याकडेच येत राहिला,
थोडा बुजत, नव्या जावयासारखा.
तांबड्यानं डोळ्यांत पाणी आणलं.
बाजूच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, मी रडतेय.
त्यांनी पाण्याचा जग पुढे केला.
मी घेतला. खुलासा कशाला करा.

सकाळी परत गेले तिला पाहायला.
सर्जेराव म्हणाला, "काल आलावता न्हवं? राह्यलं काय?"
राहिलं काही नव्हतं.
उजेड दुसऱ्या खिडकीतून येत होता
आणि जांभळं आज गुडघ्यावर सरकलं होतं.

निघताना काउंटरवरची पोरगी, कॉलेजातली असेल,
पर्स खांद्याला अडकवत म्हणाली,
"माझी शिफ्ट संपली, जातो मी ताई. परत या."
जातो. इथल्या बायका अशाच बोलतात,
क्रियापद पुरुषाचं, बांगड्या स्वतःच्या.

घाटात धुकं होतं. कान पुन्हा बंद.
साखरप्यापाशी रेंज आली, वहिनीचा फोन,
खरखर, आणि त्यातून नेहमीचाच प्रश्न,
"जेवलीस का गं?"

"जेवलो," मी म्हटलं.