शेड

नववी ब, तिसरा तास.
हिप्परगी बाईंनी फळ्यावर चारच अक्षरं लिहिली
आणि म्हणाल्या, वाक्यात उपयोग करा.
निम्म्या वर्गाचे हात वर.
हा शब्द इंग्रजी आहे
हेच आमच्यातल्या पुष्कळांना ठाऊक नव्हतं.
शेड म्हणजे शेड. पत्र्याची.
अक्कलकोट रोडला, एमआयडीसीत,
जिच्यात नान्ना सकाळी आठला शिरतात
आणि रात्री आठला कानांत खडखडाट घेऊन परततात.
अम्माची हाक त्यांना तिसऱ्यांदा ऐकू येते.

माय फादर वर्क्स इन अ शेड, मी म्हटलं.
बाई म्हणाल्या, छान. आता क्रियापद करा.

क्रियापद?
शेड काय करणार! उभी राहणार, उन्हाळ्यात तापणार.
मागून इरफाना उठली,
बाई, रंगाचीपण असती की.
माझी मामी ओढणीला मॅचिंग शेड बघत
आख्खी नवी पेठ पालथी घालती.
बाई हसल्या. ती शेड निराळी, स्पेलिंग निराळं,
आपल्या जिभेला तेवढा फरक परवडत नाही, एवढंच.

मग त्यांनी सांगितलं
की झाड पानं गाळतं, साप कात टाकतो, माणूस आसवं ढाळतो,
आपण तीन वेळा तोंड वेगळं करतो
आणि इंग्रजीचं एकाच शब्दात भागतं.
शिवाय हा शब्द भूतकाळात बदलत नाही.
आज शेड. काल शेड. होऊन गेलेलंही शेड.

मी समासात लिहून घेतलं, न बदलणारा.

संध्याकाळी लाइट गेली.
शेजारच्या श्रीमल काकू ओरडल्या, लोडशेडिंग बे!
आणि मी अंधारात ताठ बसले.
इतकी वर्षं तो या शब्दाच्या पोटात होता,
आम्ही त्याच्यासाठी मेणबत्त्या आणत होतो.
भार टाकतात म्हणे.
टाकलेला भार पडतो कुठं, ते डिक्शनरीत नाही.
नान्ना नगावर काम करतात.
माग थांबला की टॉवेल थांबतो,
टॉवेल थांबला की शनिवारचं पाकीट हलकं.

रविवारी डबा द्यायला गेले तेव्हा विचारलं.
त्यांनी माग बंद केला.
निम्मा ताणा वर, निम्मा खाली,
मधे बोटभर मोकळी फट.
म्हणाले, आयटीआयवाला जॉबर याला शेड म्हणतो,
आमच्यात दम म्हणत्यात.
दम नीट पडला नाही तर धोटा अडकतो, सूत तुटतं.
सगळं कापड या रिकाम्या जागेतनंच येतंय, बिड्डा.
त्यांच्या भुवयांवर कापूस होता.
मी फुंकर मारली, तो गेला नाही.

मग दुसरीच पंचाईत झाली.
इंग्रजी शब्द मिटला आणि दम उघडला.
मुकादम देतो तो.
अम्मा उधारीवाल्याला धरायला सांगते तो.
बिर्याणीच्या हंडीला कणीक लावून आत कोंडतात तो.
याला कुणी कधी फळ्यावर लिहिलं नाही,
वाक्यात उपयोग मात्र घरभर चाललेला.

त्या रात्री नान्ना जिना चढताना पाचव्या पायरीवर थांबले.
पूर्वी नवव्यावर थांबायचे.
मी वरून वाकले.
दम, ते म्हणाले,
पुढचं क्रियापद आलंच नाही.
लागला की धर, मी विचारलं नाही.
कठड्याला टेकलेला त्यांचा हात तेवढा दिसत होता
आणि खाली कुणाच्या तरी रेडिओवर बाजारभाव.

सोमवारी गृहपाठ दिला.
माय फादर शेड ट्वेंटी-टू इयर्स इन अ शेड.

हिप्परगी बाईंनी लाल पेन टेकवलं, उचललं,
पुन्हा टेकवलं.
बरोबरची खूण नाही, चुकीची नाही,
नुसता एक ठिपका.
मग वही मिटून माझ्या हातात दिली
आणि फळा पुसायला लागल्या,
जो आधीच पुसलेला होता.