रकाना सातवा

डिसेंबरची अकरा तारीख. पेनिशच्या धक्क्यावर वारा असा
की दाराची कडी आपोआप वाजते, आणि वाटतं कुणी आलं.
कुणी नाही. मी, गार झालेली कॉफी,
आणि एकोणीस बायकांची यादी.
प्रत्येकीच्या नावापुढे सात रकाने.
सहा संगणकानं भरून पाठवलेत.
सातवा माझा. एक ते पाच, यातला एक आकडा.

पूर्वी हे नव्हतं.
नाताळाआधीच्या शुक्रवारी लिफाफा मिळायचा, सगळ्यांना सारखा,
वर सार्डिनचे सहा डबे,
जणू घरी आम्हाला मासळीचा वास कमी पडत होता.
तेव्हा आल्बर्तिना उभ्याउभ्या झोपायची
आणि तिचा लिफाफा माझ्याइतकाच जाड.
सब घोडे बारा टक्के, असं मीच म्हणाले होते,
मोठ्यानं. खोटं कशाला बोलू.

मग लिस्बनहून नोगेइरा आले, बूट न भिजवता चालणारे.
प्रत्येकीच्या डब्यांवर वेगळी पट्टी, काळ्या रेघांची.
म्हणाले, आता जिचं तिला.
आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही.
ओल्या हातमोज्यांच्या टाळ्या,
त्यांचा आवाज वेगळाच होतो.

तर ही यादी.
पहिली सेलिया. तासाला सत्त्याण्णव डबे.
शेवटची झुल्मिरा. एकोणसाठ.

झुल्मिरा, जिची कात्री एका शेपटीवर दोनदा पडत नाही,
जी पाच मासे डब्यात असे निजवते
की झाकण लावताना ओशाळायला होतं.
एकोणसाठ.

मी पाहिलंय.
एप्रिलपासून पाहतेय.
सेलियाचा मुलगा लिस्बनच्या इस्पितळात,
ती तासातासाला फोन घेऊन बाहेर जाते,
नाक पुसत परत येते, तर तिचा ट्रे भरलेला.
झुल्मिराचं डावं कोपर हलतं, बस्स.
रोलवरची पट्टी तिची नसते, सेलियाची असते.
यंत्राला रेघा वाचता येतात. कोपर नाही.

नियमावलीत याला नाव आहे, पान चौदा.

झुल्मिराला पाच द्यायचे
तर खाली कारण लिहावं लागतं, चाळीस अक्षरांत.
कारण लिहिलं की सेलियाचे पाच जातात,
पाचांबरोबर नोकरीही.
कॉफी पुन्हा गरम केली. यादी पालथी घातली.
उलथी केली.
दोन लिहिले.
पेन चांगलं होतं, अडखळलं नाही.

लिफाफे वाटले त्या दिवशी
झुल्मिरानं तिचा उघडलाच नाही, एप्रनच्या खिशात कोंबला.
“सेलियाला किती?”
“पाच.”
तिनं नखातलं खवलं दुसऱ्या नखानं काढलं.
“आणि तुला, इदालिना? तुझा रकाना कोण भरतं?”
“नोगेइरा. तीन दिलेत.”
“तीनच? का?”
“म्हणाले, तुमच्या रांगेत एकजण
फार हळू आहे.”

ती आधी गप्प राहिली.
मग तिची टोपी सुटेपर्यंत हसली, आणि मलाही आवरेना,
आणि दाराशी फोन कानाला लावलेली सेलिया
वळून वळून विचारत राहिली,
काय झालं, अगं, काय झालं?