अजून किती भोकं

अकराशे पन्नासला घेतली होती, डब्यासकट,
तेरा बिटांसकट (त्यातली चार पहिल्याच भिंतीत गेली).
आता बटण दाबलं की घरघरते,
जळक्या वार्निशचा वास सोडते
आणि चक एक गिरकी घेऊन थांबतो,
रात्रपाळीहून आलेला माणूस
चपलांसकट खाटेवर पडतो तसा.

मल्लेशम गज्जमनं स्क्रू काढून पत्र्यावर ओळीनं मांडले,
आर्मेचर नाकाशी नेलं.
"चाललंय," म्हणाला. "गेलं नाही अजून.
नवं टाकलं तर साडेचारशे. बेअरिंग ऐंशी.
माझे दीडशे, तुला सव्वाशे.
आणि गिअरचे दात बघ. आज हायेत."

अशोक चौकात नवी, पिवळी, बाराशेला आहे.
गॅरंटी विचारली तर मालक म्हणाला,
"चालवून दाखवतो की. तीच गॅरंटी."

सहाशे पंचावन्न आणि बाराशे.
दोन्ही आकडे मांडीवर घेऊन मी स्टुलावर बसलो.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री.
समोरून भंगाराचा गाडा गेला,
त्यात कुणाच्या तरी मागांचे बिडाचे पाय, किलोवर.
त्या मागांच्या मोटारी मल्लेशमच भरायचा,
वेढे मोजताना बायकोशीसुद्धा बोलायचा नाही.
माझ्या मोटारीची तार त्यानं उजेडात धरली,
चष्मा काढला, पुन्हा लावला.
"ही भरण्यासाठी केलीच नाही बे."

मग विचारलं,
"अजून किती भोकं पाडायचीत तुला?"

हे मला कुणी विचारलं नव्हतं.
मोजू लागलो.
कस्तुराक्काच्या कूलरचा स्टँड: चार.
धाकटीच्या खोलीतला आरसा: दोन.
आणि अप्पांचा फोटो, एक.
तो अजून कपाटावर टेकवून ठेवलाय.
आई म्हणते, भिंतीवर गेला की मग,
आणि पुढचं म्हणत नाही.

"सात," म्हणालो. "पडद्यांच्या ऑर्डरी सोडून."
"येतात ऑर्डरी?"
मी पंख्याकडं बघितलं.
रविवारी रॉड बसवतो मी, खिडकीला चार भोकं, साठ रुपये.
विडी घरकुलातल्या खिडक्या आता झाल्यात बहुतेक.

त्यानं खणातून दुसऱ्याच कुठल्या मशीनचे कार्बन काढले,
कानशीनं घासले, फुंकले, बसवले.
निळी ठिणगी उडाली. फिरली.
"जोर देऊ नको. मऊ भिंतीला चालंल.
तीस दे."

आमची भिंत मऊच आहे.
चकची चावी वायरला टॉवेलच्या काठानं बांधलेली,
ती गाठ सुटत आली होती, घरी येऊन आवळली.
"कुठं लावायचा?" आईला विचारलं.

तिनं चहा गाळला, कपाटाकडं पाहिलं,
मग माझ्या हातातल्या मशीनकडं.
"आधी दुसरीकडं कुठंतरी पाडून बघ," म्हणाली.