डाव्या पायाची वहाण

हरमलच्या तिठ्यावर, माडाच्या अर्ध्या सावलीत
माझं दुकान: एक पेटी, एक छत्री, आरी, रापी.
भाड्याच्या खोल्या भरू लागल्या तेव्हा ती आली,
सात वर्षांची, नाकावर तांबूस ठिपके,
समोरच्या दगडावर बसली
आणि बघत राहिली. नुसती.
डोळ्यांत पाणी आलं तरी पापणी लववेना.

भाची सुलक्षा दहावीला. तिने विचारून सांगितलं:
"मामा, तिच्या आयर्लंडात म्हणे वीतभर उंचीचा मोची असतो.
कुंपणाखाली बसून ठोकठोक करतो,
त्याच्याकडे सोन्याचा हंडा.
नजर हलली की गडप.
तुम्ही बसल्यावर एवढेसे दिसता,
म्हणून ती तुम्हाला धरून ठेवतेय."

मी पितळी खिळ्यांचा डबा उघडून दाखवला.
तिने एक खिळा दाताखाली धरला
आणि मान हलवली. हे नव्हे.

मग रोजच. ऑर्ला तिचं नाव.
सांगायची, नाताळच्या आदल्या रात्री
आजोबा खिडकीत मेणबत्ती ठेवतात,
वाट चुकलेल्याला घर दिसावं म्हणून,
आणि दाराला कडी घालत नाहीत.
म्हटलं, चोर आला तर?
म्हणाली, चोरालाही थंडी वाजतेच की.

नरकासुराच्या रात्री वाड्यावरची पोरं
राक्षसाच्या पोटात गवत कोंबत होती,
तर ही कच्ची पपई कोरत बसलेली.
तिकडे सलगम कोरून आत निखारा ठेवतात,
त्या रात्री मेलेली माणसं घरी येतात म्हणे.
म्हापशाच्या बाजारात सलगम मिळालं नाही.
पपईला दोन डोळे, वाकडं तोंड,
बोटांना चीक.
पहाटे राक्षस जळाला.
पपई दुपारपर्यंत टिकली, मग मुंग्या.

त्याच दिवसांत मी एक वहाण शिवत होतो,
हातभर लांब.
कुणाची एवढी?
राखणदाराची गे बाय.
रात्रभर गावाची शीव फिरतो,
हातात दांडा, खांद्यावर घोंगडी.
वर्षात तळ झिजतो.
आम्ही घुमटीत नवा जोड ठेवतो, जुना उचलतो.

ती बराच वेळ गप्प.
मग सुलक्षाला हळूच काही बोलली.
"मामा, तो त्यांचा मोची
नेहमी एकच बूट शिवताना दिसतो.
दुसरा कुणी पाहिलेला नाही.
ती विचारते, कुठला पाय?"

माझी उजवी झाली होती.
डावी अजून कातड्यातच होती.

तो जोड कार्तिकात घुमटीत ठेवला.
फेब्रुवारीत तिने गवताचा क्रूस विणून दिला,
चार हातांचा, मधे चौकोन.
आमच्या शेताकडचं गवत, जरा आखूड पडलं.
पेटीच्या झाकणाला अजून आहे.
एप्रिलात खोल्या रिकाम्या झाल्या.

पुढल्या कार्तिकात त्या खोलीत दुसरीच माणसं.
मी नवा जोड घेऊन वडाखाली गेलो,
जुना उचलला.
उजवीचा तळ पार गेलेला, नेहमीसारखा.
डावीच्या टाचेला मात्र ताजे टाके,
बारीक, एकसारखे,
हिरव्या दोऱ्याचे.

मी हिरवा दोरा वापरत नाही.

मागे पाचोळा वाजला.
वळलो असतो तर दिसलंच असतं काही.
मी जागेवर उभा राहिलो
आणि मुद्दाम,
सावकाश,
पापणी लववली.